अमेरिकेनं पाकिस्तानला वापरलं की पाकिस्ताननं अमेरिकेला?

खवचट: अमेरिकेनं पाकिस्तानला वापरलं आणि काम झाल्यावर वाऱ्यावर सोडलं हे रडगाणं ऐकून कान किटले. मला उलटंच वाटतं. १९५४ ला संरक्षण करार, मग सिॲटो, बगदाद करार, सगळं कम्युनिझम रोखायच्या नावाखाली, आणि ते अमेरिकन पॅटन रणगाडे १९६५ ला निघाले कुठं तर आपल्या पंजाबातल्या खेमकरणला! तिथं कुठला रशियन बसला होता? कोण कुणाला खेळवत होतं सांगा.

वाटसरू: अहो पण किंमत मोजलीच की त्यांनी. १९६० ला गॅरी पॉवर्सचं यू-टू हे अमेरिकन हेरगिरी विमान पेशावरहून उडालं, रशियानं पाडलं, आणि रशियाचे नेते ख्रुश्चेव्ह यांचा दम पाकिस्तानला खावा लागला. १९६५ चं युद्ध पेटल्यावर अमेरिकेनं दोन्ही देशांची शस्त्रं बंद केली, दिसायला निःपक्षपाती, पण सगळी भिस्त अमेरिकन मालावर होती ती पाकिस्तानची, त्यामुळे मार त्यांनाच जास्त बसला. आणि एफ-१६ लढाऊ विमानांचं काय? पैसे भरले, विमानं तयार झाली, आणि ती ॲरिझोनाच्या वाळवंटात उभी! १९९८ ला तडजोड झाली, बरेचसे रोख आणि उरलेल्याचा गहू वगैरे माल. लढाऊ विमानाच्या बदल्यात गहू, वा रे दोस्ती.

खवचट: चोरून अणुबॉम्ब बनवत होते म्हणून अडवली ना विमानं? प्रेसलर दुरुस्ती १९८५ चीच होती, नियम माहीत होता.

वाटसरू: तेच तर म्हणतोय! त्या कायद्याप्रमाणे अध्यक्षांनी दरवर्षी लिहून द्यायचं की पाकिस्तानकडे बॉम्ब नाही. रेगन देत राहिले, बुश यांनीही १९८९ ला दिलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत रशियन फौज अफगाणिस्तानातून गेली आणि १९९० ला सही थांबली. बॉम्बचं काम तर आधीपासून चालूच होतं की, अमेरिकेची अफगाणिस्तानातली गरज तेवढी संपली.

चौकस: तुम्ही दोघंही 'पाकिस्तान' म्हणताय, पण व्यवहार रावळपिंडीशी होता, म्हणजे लष्कराशी. अयुब, झिया, मुशर्रफ, तिघंही लष्करशहा आणि तिघांच्याही काळात मदतीचा ओघ. २००९ ला केरी-लुगर कायदा आला, वर्षाला दीड अब्ज डॉलर, तेही शाळा, वीज असल्या नागरी कामांना, तर लष्करानं उघड नाराजी दाखवली कारण त्यात लष्करावर नागरी सरकारचा ताबा किती यावर बोट ठेवलं होतं. सामान्य माणसाला काय मिळालं यावर तर कुणी बोलतच नाही.

खवचट: मुद्दा मान्य, पण मग लष्करच फसवत होतं असं म्हणा की. ॲबटाबादला लष्करी अकादमीपासून हाकेच्या अंतरावर लादेन निघाला २०११ ला, आणि इकडं २००४ पासून अमेरिकेचे 'प्रमुख बिगर-नाटो मित्र' म्हणून मिरवत होते!

वाटसरू: २०११ लाच अफगाण सीमेवरच्या त्यांच्या सलाला चौकीवर नाटोच्या हल्ल्यात त्यांचे २४ सैनिक गेले तेही धरा. पाकिस्तानमार्गे अफगाणिस्तानात जाणारी नाटोची रसद सात महिने अडवली, अमेरिकेच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन 'सॉरी' म्हणाल्या तेव्हा कुठं रस्ता उघडला.

खवचट: बघा, म्हणजे सुपरपॉवरला सॉरी म्हणायला लावलं. रस्ता ज्याच्या हातात त्याची चलती. आणि २०१८ ला ट्रम्पनी मदत रोखली तरी २०२२ ला एफ-१६ साठी ४५ कोटी डॉलरचं पॅकेज मिळालंच ना?

चौकस: ती मदत नव्हती हो, देखभालीची विक्री होती. पैसे पाकिस्ताननंच द्यायचे.