ब्रेमारचा हायलँड मेळावा खरोखर नऊशे वर्षांचा आहे का?

प्रश्न — शोधयात्री
स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनशर परगण्यात, डी नदीच्या खोऱ्यातील ब्रेमार या लहानशा गावी दरवर्षी सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी हायलँड (स्कॉटलंडचा डोंगराळ उत्तर भाग) खेळांचा मेळावा भरतो आणि राजघराण्यातील मंडळी त्याला हजेरी लावतात. अकराव्या शतकात राजा तिसऱ्या माल्कमने सर्वांत चपळ निरोप्या निवडण्यासाठी क्रेग कोइनिख या टेकडीवर धावण्याची शर्यत लावली आणि तिथूनच ही परंपरा सुरू झाली, असे बहुतेक लेखांत आढळते. या कथेला काही लेखी आधार आहे का, की मेळाव्याचा इतिहास बराच अलीकडचा आहे?

प्रतिसाद — दफ्तरदार
माल्कमची शर्यत ही दंतकथाच मानावी. आजच्या मेळाव्याची खात्रीची वंशावळ १८१५ पासून सुरू होते, आणि तिच्या मुळाशी राजा नसून गावातले सुतार आहेत. त्यांनी आजारी सभासदांना व मृतांच्या कुटुंबीयांना मदत करण्यासाठी परस्पर-साहाय्य संस्था काढली होती. तिची वार्षिक मिरवणूक निघत असे. १८२६ मध्ये संस्थेने ‘ब्रेमार हायलँड सोसायटी’ हे नाव घेतले, आणि १८३२ मध्ये खेळांसाठी प्रथमच रोख बक्षिसे ठेवली, ती सगळी मिळून पाच पौंडांची.

मधल्या काळाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. १७१५ मध्ये गादी गमावलेल्या स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने बंडाचे निशाण याच ब्रेमारला उभारले गेले, आणि १७४५ चे दुसरे बंड मोडल्यावर सरकारने हायलँडमध्ये शस्त्रे बाळगण्यावर आणि सैन्याबाहेरील पुरुषांच्या पारंपरिक पोशाखावर बंदी घातली. पोशाखावरची बंदी १७८२ मध्ये उठली. त्यानंतरच्या पिढ्यांनी जे पुन्हा उभे केले, त्यात जतन किती आणि नवनिर्मिती किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. ज्या गावाने तेव्हा गादीवर असलेल्या हॅनोव्हर घराण्याविरुद्ध निशाण उभारले, तेच गाव पुढे त्या घराण्याच्या वारसांचे इतके लाडके व्हावे, हा योगायोग मला तरी दंतकथेपेक्षा जास्त रंजक वाटतो.

प्रतिसाद — निरीक्षक
वरील माहितीत राणी व्हिक्टोरियाचा उल्लेख हवा. बालमोरल किल्ला ब्रेमारपासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर आहे. १८४८ मध्ये राणी तिथे प्रथम राहायला आली आणि त्याच वर्षी मेळाव्यालाही आली. १८६६ मध्ये तिने संस्थेला ‘रॉयल’ ही उपाधी दिली. आजचे मैदान मात्र त्यानंतरचे आहे. ते ड्यूक ऑफ फाइफ यांनी १९०६ मध्ये दिले.

टेकडीवरच्या शर्यतीचा एक पुरावा राणीच्या प्रकाशित रोजनिशीत आहे. १८५० मध्ये क्रेग कोइनिखवरची शर्यत तिच्याच पदरी असलेल्या डंकन नावाच्या सेवकाने जिंकली. पण त्यानंतर त्याच्या तोंडातून रक्त पडले, त्याची प्रकृती पूर्वीसारखी राहिली नाही आणि शर्यत बंद करण्यात आली, असे तिथे नमूद आहे. म्हणजे दंतकथेतील शर्यत एकोणिसाव्या शतकात खरोखर धावली जात होती, एवढे निश्चित. ती अकराव्या शतकापासून अखंड चालत आली, असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. आज मेळाव्यातील डोंगरी शर्यत मोरोन या दुसऱ्या डोंगरावर होते.

प्रतिसाद — मल्लखांबी
इतिहास खेळांच्या नियमांतही दिसतो. ‘ब्रेमार स्टोन’ या प्रकारात जड दगड धावत न येता, जागेवर उभे राहूनच फेकायचा असतो. केबर म्हणजे झाडाचे लांब खोड. ते उभे तोलून, थोडे धावून असे भिरकवायचे की वरचे टोक जमिनीवर आदळून खोड पलटी खाईल आणि फेकणाऱ्याच्या समोर सरळ रेषेत, घड्याळाच्या बाराच्या दिशेला पडेल. किती लांब गेले याला गुणच नाहीत, त्यामुळे केवळ ताकदीच्या बळावर उतरलेला पहिलवान इथे सहज हरतो. सुतार मंडळींच्या संस्थेतून आलेल्या मेळाव्यात खोड फेकण्याचा खेळ इतका मानाचा असावा, हे मला तरी शोभूनच दिसते.