मदत हवी आहे: चिनी फाउंटन पेन, दर अक्षराची सुरुवात कोरीच राहते (आणि देवनागरीसाठी स्टब, म्हणजे चपट्या रुंद टोकाची निब करायचीय)

मंडळी, शाईपेनवाल्यांची मदत हवी आहे. प्रश्न तसे दोन-तीन आहेत पण सगळे एकमेकांत गुंतलेले आहेत म्हणून एकाच धाग्यात टाकतेय.

आधी सांगते, मला स्वस्तातली चिनी पेनं मनापासून आवडतात, महागडी परवडत नाहीत म्हणून चालवून घेते असं अजिबात नाही. जिनहाओ ८२ चा आटोपशीर आकार, एक्स१५९ ची ती भलीमोठी ८ नंबरची निब, विंगसंग ६०१ ची मागचा दांडा दाबून दाबून शाई भरायची पद्धत, यातलं कुठलंही पेन हातात आलं की काहीतरी लिहावंसंच वाटतं. हिरो ६१६, जिनहाओ ५१ए आणि हे ६०१, तिन्ही पार्कर ५१ च्या वळणाची, म्हणजे १९४१ साली आलेल्या पेनाची नक्कल, मान्य आहे, पण झाकलेल्या निबचा फायदा अगदी खरा आहे, टोपण काढून पुढचं वाक्य सुचेपर्यंत बसून राहिलं तरी टोक पटकन सुकत नाही. आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे ही पेनं उघडून बघता येतात. उघड्या निबची बरीचशी अशी असतात की निब आणि तिच्या खालची, शाई टोकापर्यंत आणणारी फीड दोन्ही चिमटीत धरून सरळ ओढली की बाहेर, धुवा, पुसा, हवी तर दुसरी निब बसवा. पेन आत कसं चालतं हे मला अशी पेनं खोलूनच कळलंय.

आता मुद्दा. मेटल बॉडीचं, ६ नंबरची मीडियम निब असलेलं एक पेन आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, त्यांचंच याच मॉडेलचं दुसरं पेन माझ्याकडे फार सुंदर चालतं. तर या पेनाने 'प' लिहायला घेतला की काना वरून खाली येताना पहिले एक-दोन मिलिमीटर कोरे जातात आणि मग शाई एकदम सुरू होते, पुढची रेघ भरघोस, ओली, काही तक्रार नाही. पेन उचलून पुन्हा टेकवलं की परत तेच, आणि देवनागरीत पेन सतत उचलावं लागतं, काना झाला उचला, मात्रा झाली उचला, त्यामुळे अख्खं पान भुतासारखं अर्धवट दिसतं. करून पाहिलेलं सांगते म्हणजे तेच तेच सल्ले यायला नकोत: पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून सगळं धुतलं, शाई बदलली, दहापट भिंगाखाली निबच्या दोन्ही पात्या एका पातळीत आहेत, मधली फट टोकापर्यंत नीट आहे. खरखरीत कागदावर त्रास जवळपास नाही, गुळगुळीत कागदावर जास्त. थोडं दाबलं की उमटतं. पेन उलटं धरलं तर बारीक रेघ येते पण एकदाही तुटत नाही. आणि निब इतकी गुळगुळीत आहे की कागदाला लागल्याचं कळतसुद्धा नाही.

दुसरं पेन वेगळंच करतं. पान-दीड पान मस्त लिहितं, मग रेघ फिकी होत होत बंद. कन्व्हर्टरची (शाई ओढून साठवणारी आतली नळी) मूठ जरा फिरवली, टोकाशी थेंब आला, की परत सुरू. आत शाई अर्ध्याहून जास्त असते, ती मागच्या बाजूला चिकटून बसलेली दिसते, खाली येतच नाही.

आणि तिसरं, मला देवनागरीसाठी स्टब निब हवी आहे. पहिल्या पेनाची निबच घासून स्टब केली तर दोन्ही कामं होतील का? कृपया 'नवीन घे' हा सल्ला नको, मला हे दुरुस्त करायला शिकायचंय.

दौतवाला:
लक्षणं इतकी व्यवस्थित लिहिलीयत की निदान इथूनच होतं. पहिल्या पेनाला बेबी बॉटम आहे. कारखान्यात टोकाचा दाणा जास्त पॉलिश झाला की फटीच्या आतल्या दोन्ही कडा गोल होतात, मग शाई फटीत येऊन थांबते पण कागदाला टेकत नाही, मधे केसभर अंतर राहतं. दाबल्यावर पात्या फाकतात आणि कागद जवळ येतो म्हणून उमटतं, खरखरीत कागदाचे तंतू आत शिरून शाईला भेटतात म्हणून तिथे त्रास नाही, आणि उलट धरल्यावर दाण्याची दुसरी बाजू वापरली जाते, ती गोल झालेली नाही. तुम्हाला जे गुळगुळीत वाटतंय ना तोच आजार आहे.
उपाय म्हणजे दाण्याचा अगदी थोडा धातू काढून तळ सपाट करायचा. शाई भरलेल्या पेनानेच करा, कोरड्या निबने नको. मायक्रोमेशचा, म्हणजे अगदी बारीक पॉलिश कागदाचा, ८००० चा तुकडा (आकडा मोठा तितका बारीक) सपाट ठेवा, लिहिताना धरता तसंच धरा, वजन फक्त पेनाचं, आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखं हळू फिरवा. चार-पाच आठ झाले की थांबा, कागदावर लिहून बघा, मग पुढे. पहिली रेघ उमटायला लागली की लगेच १२००० वर आणा आणि थोडक्यात आटपा, तिथे जास्त रेंगाळलात तर कडा परत गोल होतील. काढलेला धातू परत लावता येत नाही, त्यामुळे घाई नको.

रेघोट्या:
दौतवाल्यांशी सहमत. फक्त पुढे वाचणाऱ्यांसाठी एक भर: रात्रभर ठेवलेलं पेन सकाळी पहिल्या अक्षराला अडत असेल आणि नंतर दिवसभर नीट चालत असेल तर निबला हात लावू नका, टोपणातून हवा जात असते. टोपण ओठांना लावून हवा ओढून बघा, सहज येत असेल तर क्लिपच्या फटीतून गळते आहे. तिथे आतून मेणाचा थेंब बसवला की काम होतं.
दुसऱ्या पेनाचं दुखणं कन्व्हर्टरचं आहे, फीडचं नाही. नळी अरुंद असते, शाई पृष्ठताणामुळे मागे चिकटून राहते आणि पुढे हवेचा बुडबुडा बसतो. कन्व्हर्टर साबणाच्या पाण्याने आतून धुवा, आणि तरीही तेच झालं तर आत स्टेनलेस स्टीलची छोटी गोळी टाका, पेन हलवलं की ती बुडबुडा फोडते. गोळी गंजणारी नको आणि नळीचं तोंड बंद करेल अशी नको. अनेक कन्व्हर्टरमध्ये ती आधीपासूनच असते.
हेच पेन पूर्ण प्लास्टिकचं असतं तर मी कन्व्हर्टरच काढून टाकायला सांगितलं असतं, आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावायचं, रबरी ओ-रिंग घालायची आणि बॅरलमध्येच ड्रॉपरने शाई भरायची. पण बॅरलला भोक असेल किंवा आत धातू असेल तर हा उद्योग करू नये, धातू शाईने खराब होतो. आणि शाई कमी उरली की हाताच्या उबेने आतली हवा फुगून थेंब पडतो, म्हणून ती पाव राहिली की भरून टाकायची.

काळीशाई:
ताई, स्टबबद्दल बोलते. पहिली निब आधी नुसती दुरुस्त करा, स्टब तिच्यावर नको. मीडियमच्या दाण्यात स्टबला पुरेल एवढी रुंदी नसते, घासून घासून फार तर किंचित चपटं टोक मिळेल. घासायचंच असेल तर बोल्ड निब घ्या.
त्याहून सोपं म्हणजे विंगसंग ६९८. पिस्टन फिलर आहे, म्हणजे मागची मूठ फिरवून शाई थेट पेनातच ओढायची, आणि त्यात पायलट या जपानी कंपनीच्या मेट्रोपॉलिटन किंवा काकुनोची निब बसते, त्यातच सीएम नावाची चपट्या टोकाची निब मिळते. अदलाबदल करायची फक्त, घासायचं काहीच नाही.
देवनागरीचं म्हणाल तर सरळ स्टबने काना जाड आणि शिरोरेषा बारीक येते. आर्किटेक्ट काप केला तर बरोबर उलटं, शिरोरेषा ठसठशीत आणि काना बारीक, मला ते डोक्यावर ओझं ठेवल्यासारखं वाटतं. बोरूसारखा तिरका काप सगळ्यात छान, काना आणि शिरोरेषा दोन्ही साधारण सारख्या जाडीच्या आणि बारीकपणा तिरक्या वळणांत. पण तो पहिल्याच निबवर करू नका.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार! दौतवाला, तुम्ही सांगितलंत तसंच केलं. ८००० वर थोडंच फिरवलं आणि कान्याचा वरचा टोकाचा भाग उमटायला लागला, मग १२००० वर अगदी मोजकंच. आता कागद किंचित जाणवतो आणि ते मला आधीपेक्षा जास्त आवडतंय. 'पपपप' अशी अख्खी ओळ काढली, एकही काना तुटला नाही. गुळगुळीत कागदावर क्वचित एखादी सुरुवात अजून फिकी येते, पण तिथेच थांबलेय.
कन्व्हर्टर धुऊन फरक पडला पण पूर्ण नाही, आता गोळी टाकून बघणार. ६९८ मागवतेय, सीएम निबसकट. काळीशाई, एकच विचारायचंय: निब बदलताना ६९८ ची फीड तीच ठेवायची की पायलटची फीडसुद्धा सोबत घालायची?

काळीशाई:
६९८ चीच ठेवा, फक्त निब बदला. बाहेर काढायच्या आधी निब फीडवर कुठवर आलीय त्याचा मोबाईलने जवळून फोटो काढून ठेवा आणि नवी निब तेवढीच पुढे-मागे बसवा. फार पुढे राहिली तर शाई कमी येते. आणि काढताना पेन कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवा, सुकलेली शाई सुटते आणि निब न वाकता निघते. गरम पाणी नको.