मदत हवी आहे: घरी परतलेल्या सैनिकावरचं काही सुचवा

मंडळी, पुढच्या रविवारी आमच्या वाचनकट्ट्यावर बोलायचंय. रेमार्कची पहिल्या महायुद्धावरची कादंबरी 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' वाचली, २०२२चा जर्मन सिनेमाही पाहिला, पण त्यात नायक पॉल, जर्मन सैनिक, रजेवर घरी येतो तो भागच उडवलाय (मला तर पुस्तकात तोच सगळ्यात जास्त लागला होता) आणि तहाच्या वाटाघाटी घुसवल्यात. 'द हर्ट लॉकर' या इराक युद्धावरच्या सिनेमातला सुपरमार्केटचा सीन घेतलाय, नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यांच्या भिंतीपुढे घरी परतलेला सैनिक नुसता उभा राहतो ना, तो. नुसती धडाधडी असलेले सिनेमे नकोत, ते ढिगाने सापडले. इंग्रजी चालेल, पुस्तक दोनशे पानांच्या आतलं हवं, वेळच नाहीये. तर २००० नंतरचं, शक्यतो सैनिकाने स्वतः लिहिलेलं, घरी आल्यावरचं सांगणारं कुठलं आधी वाचू?