कपाटामागचा बोर्ड (ग्रुप: दादरचं घर)

दादा: हॉलमधलं मोठं कपाट आज हलवलं. मागे हे निघालं. (फोटो) सागवानी फळी, वर चिनीमातीचे पांढरे फ्यूज, चार-चारच्या दोन रांगा, खाली हँडलवाला लोखंडी मेन स्विच. परवा रंगारी येतायत. काढून टाकू ना?

ताई: टाकू नकोस!!! मला हवाय. आमच्या हॉलमध्ये भिंतीवर लावणार.

वहिनी: आधी भिंत रिकामी कर तुझी 😄

आत्या: अगंबाई, हा अजून आहे तिथे? फ्यूज गेला की बाबा स्टुलावर चढायचे आणि मेणबत्ती धरायला मला उभं करायचे. मेण हातावर सांडलं तरी हलायचं नाही. तेव्हा लाइटचं मीटर वेगळं आणि पॉवरचं वेगळं होतं.

अप्पाकाका: कुणी हात लावू नका त्याला. दादा, दाराजवळचा एमसीबीचा (लोड वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचांचा) डबा पूर्ण ऑफ कर आणि घरात काय चालू राहतं ते सांग.

दादा: केला. गॅलरीतला दिवा आणि मोरीतला दिवा चालूच आहेत! स्वयंपाकघरातला फ्रिजपण.

अप्पाकाका: वाटलंच. म्हणजे नवा डबा बसवणाऱ्याने मीटरपासून नवी केबल ओढली, पण जुनी लाइन तशीच जोडलेली ठेवली. तुमच्या घरात आज दोन बोर्ड आहेत आणि त्यातला एक कपाटामागे लपून निम्मं घर चालवतोय. ताई, तुझा अँटिक पीस जिवंत आहे.

ताई: 😳

दादा: पण काका, लोखंडी मेन स्विच ऑफ केला की ते तीन पॉइंट बंद होतात. मग तो ऑफ करून बोर्ड उतरवता येईल ना?

अप्पाकाका: नाही. हँडल ऑन असताना त्याचं दार उघडत नाही, ती सोय चांगली होती. पण हँडल ऑफ केलं तरी मीटरकडून येणाऱ्या दोन टर्मिनलवर सप्लाय असतोच. दार उघडून स्क्रूड्रायव्हर घातलास तर खेळ खलास. मीटरपाशी सप्लाय तोडल्याशिवाय तिथे काम करायचं नाही, आणि ते लायसन्सवाल्याने करायचं.

बंटी (न्यू जर्सी): दोन रांगा कशाला पण? आठ सर्किट आहेत का?

अप्पाकाका: आठ नाहीत, चार. वरची रांग फेजची, म्हणजे जिवंत तारेची, खालची न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेची. पूर्वी दोन्ही तारांवर फ्यूज घालायची पद्धत होती, आणि या बोर्डाचा सगळ्यात वाईट भाग तोच आहे. समज गॅलरीच्या सर्किटमध्ये लोड वाढला. आता दोन्ही फ्यूजमधून करंट सारखाच जातो, त्यामुळे कुठला आधी उडेल याचा नेम नाही. न्यूट्रलचा उडाला तर दिवा जातो, पंखा थांबतो. घरातला माणूस म्हणतो, लाइट गेली. पण फेज होल्डरपर्यंत तशीच्या तशी आलेली असते. तो स्टूल घेऊन बल्ब बदलायला चढतो आणि शॉक खातो. १९५६ च्या विद्युत नियमांत स्पष्ट लिहिलं होतं, अर्थ केलेल्या, म्हणजे जमिनीला जोडलेल्या, न्यूट्रलवर एकटा फ्यूज किंवा एकटा स्विच नको, तोडायचंच तर फेज आणि न्यूट्रल एकदम तुटले पाहिजेत. पण आधीच लागलेले बोर्ड घरोघरी जाऊन कोण काढणार?

आत्या: म्हणजे बाबा एवढी वर्षं...

अप्पाकाका: बाबांची पद्धत पक्की होती गं. मेन ऑफ, टेस्टर, मग फ्यूज काढून खिशात. खिशात का, तर खालून कुणी परत लावू नये म्हणून. आमच्या साइटवर आम्हीही हेच करायचो.

दादा: काका, रागावू नका. मेन ऑफ करून टेस्टरने बघून एक फ्यूज ओढला. फोटो पाठवतो.

अप्पाकाका: रागावलोय. पाठव.

दादा: (फोटो) बाहेर ५ अँपिअर असं उठावाचं लिहिलंय. आत एका तारेऐवजी तीन-चार तारांचा पीळ आहे. एका बाजूला चिनीमाती काळी पडलीय आणि तांब्याचे बारीक थेंब चिकटलेत. खाचेत चांदीच्या कागदाचा तुकडापण आहे, सिगरेटच्या पाकिटातला असावा.

वहिनी: शी! आमच्या घरात सिगरेट कोण ओढतंय?

अप्पाकाका: घरातलं नाही, तो वायरमनचा पराक्रम. रविवारी दुकानं बंद, फ्यूजची तार नाही, मग चांदी गुंडाळायची. आता हिशेब बघ. ५ अँपिअरच्या फ्यूजला ०.२ मिलिमीटरची कलई केलेली तांब्याची तार लागते, १५ ला ०.५ ची. तीही ५ ला लगेच उडत नाही, साधारण दुप्पट करंट झाल्यावर वितळते. तुझा पीळ १५ च्याही वरचा दिसतोय. म्हणजे २५-३० अँपिअर गेल्याशिवाय तो उडणार नाही. मागची वायर जेमतेम दिवे-पंखे चालवायला घातलेली. आधी ती जळेल, फ्यूज मागाहून. फ्यूज या वस्तूत काही खोट नाही, योग्य तार घातली तर तो बरोबर उडतो. पण तार कुठली घालायची हे ज्याच्या-त्याच्या हातात राहिलं, आणि प्रत्येक वेळी ‘परत परत उडतोय’ म्हणून पुढचा माणूस थोडी जाड तार घालत गेला.

वहिनी: मग त्या चार सर्किटना पण एमसीबी लावून टाकू या, प्रश्न मिटला. आमचा इलेक्ट्रिशियन म्हणाला एका दिवसाचं काम आहे, वायरी तोडायची गरज नाही. भिंतीपण वाचतील.

अप्पाकाका: सूनबाई, मला भीती याचीच होती. दादा, फळीच्या वरच्या कडेला वायर बाहेर येते तिथला जवळून फोटो दे. हात न लावता.

दादा: (फोटो) वर काळं कापड गुंडाळल्यासारखं, आत रबर. रबर तडकून दोन ठिकाणी चकाकती तार दिसतेय. पांढरट आहे, तांब्यासारखी नाही.

अप्पाकाका: तांबंच आहे, वरून कलई. रबर पक्कं करायला त्यात गंधक घालत, आणि गंधक तांब्याला खातं, म्हणून कलई. ही व्हीआयआर वायर, म्हणजे गंधक घालून पक्क्या केलेल्या रबराच्या कवचाची, पीव्हीसी प्लास्टिकच्या आधीची. रबर २५-३० वर्षांत वाळतं, आणि बिल्डिंग १९३० च्या दशकातली आहे. ते आता नुसतं जागेवर बसून राहिलंय म्हणून टिकलंय. नवा बोर्ड जोडायला वायर जराशी वाकवली की कवच झडून पडेल. म्हणजे जुनी वायर ठेवून नवा डबा लावला तर उलट जास्त धोका. बाहेरून चकाचक दिसणार आणि सगळे निर्धास्त होणार.

दुसरं. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. माणसाला वाचवतो आरसीसीबी, करंट बाहेर गळाला की लाइन तोडणारा, ३० मिलिअँपिअरवाला. तो जुन्या वायरिंगवर लावलास तर दिवसातून चार वेळा पडेल, कारण ओल आलेल्या भिंतीत करंट पाझरतो आहे. मग कुणीतरी शहाणा ‘आरसीसीबी खराब आहे’ म्हणून त्याला वगळून लाइन डायरेक्ट जोडून जाईल. असं मी इतक्या घरांत पाहिलंय की मोजदाद सोडली. आणि या सर्किटना अर्थची तार मुळातच नाही, दोनच वायरी. त्यावर तुम्ही फ्रिज चालवताय.

बंटी (न्यू जर्सी): सेम इकडे! आम्ही जुनं घर बघत होतो, तळघरात काचेचे स्क्रूवाले फ्यूज होते. इन्स्पेक्टर म्हणाला पूर्वी लोक फ्यूजच्या मागे एक सेंटचं नाणं सारायचे. भिंतीत चिनीमातीच्या खुंट्यांवरून नेलेल्या मोकळ्या वायरी होत्या. त्या असल्या की इन्शुरन्सवाले नखरे करतात, म्हणून सोडलं ते घर.

आत्या: नाणं! आपली सिगरेटची चांदी बरी म्हणायची.

वहिनी: बरं, मग पूर्ण वायरिंग. खर्च?

अप्पाकाका: आकडा ग्रुपवर नको, साइट बघून बोलू. पण हे नक्की. आधी मेगर (वायरीचं कवच शाबूत आहे का ते मोजणारं यंत्र) लावून सगळी सर्किट तपासून घ्यायची, ५०० व्होल्टवर एक मेगओहमच्या खाली आलं की ते सर्किट बाद. या चारांना मेगरची गरजही नाही, तडे दिसतायतच. पण हॉलचं वायरिंग मधे कधीतरी बदललंय, ते अॅल्युमिनियमचं आहे का बघा. साठ-सत्तरच्या दशकांत तांब्याची टंचाई होती तेव्हा घरोघरी अॅल्युमिनियम गेलं. ते स्क्रूखाली सैल होतं, गरम होतं. प्लगपाशी प्लास्टिक पिवळं पडलंय का?

दादा: टीव्हीमागचा प्लग पिवळाच आहे. मला वाटलं जुना झालाय.

अप्पाकाका: त्याला हात लावून बघ, गरम लागतो का. लागला तर टीव्ही आजच बंद. आणि पागडीचं घर आहे, मालकाला लेखी कळवा.

ताई: आणि माझा बोर्ड? 🥺

अप्पाकाका: मिळेल. सप्लाय तोडल्यावर मी स्वतः उतरवतो. एकच अट, फ्यूजच्या आत राखाडी कापसासारखी पट्टी दिसली तर ती खरवडायची नाही, ब्रशनेही नाही. काही जुन्या फ्यूजमध्ये ठिणगी अडवायला अॅस्बेस्टॉस घालत. ते फ्यूज ओले करून पिशवीत बंद, भिंतीवर नाही. बाकी चिनीमाती साबणाच्या पाण्याने, पितळ चिंचेने.

ताई: डन. शोभेच्या दिव्यालासुद्धा जोडणार नाही, प्रॉमिस.

अप्पाकाका: मी हेच सांगणार होतो. हल्ली लोक त्यात एलईडी घालतात.

आत्या: सगळा तिला कशाला? मेन स्विच मला. हँडल ओढायला बाबांनी मला कधी दिलं नाही.

वहिनी: रंगाऱ्यांना पुढच्या महिन्यावर ढकललं. फ्रिज नव्या डब्यावर घेतलाय, एक्स्टेंशनने.

अप्पाकाका: एक्स्टेंशन कुठलं? फोटो.