मदत हवी आहे: स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये पाच दिवस, भाड्याची गाडी, बुकिंग काहीच नाही

केतकीबन
नवऱ्याचं एडिंबरोतलं काम लवकर आटोपलं आहे, परतीचं विमान शनिवारचं आहे. सोमवारी सकाळी गाडी भाड्याने घेऊन हायलँड्सकडे निघायचं आणि शुक्रवारी रात्रीपर्यंत परत यायचं, एवढंच ठरलंय. सप्टेंबरचा दुसरा आठवडा. ना हॉटेल, ना फेरीबोट, काहीही बुक केलेलं नाही. दोघांकडे इंग्रजीतला भारतीय परवाना आहे आणि पुणे-कोकण रस्त्यांची सवय आहे. मी शाकाहारी.

नॉर्थ कोस्ट ५०० हा उत्तर किनाऱ्याचा गाडीने करायचा फेरा एवढ्यात होईल का? आयत्या वेळी खोली मिळते का, आणि नाहीच मिळाली तर गाडीत झोपता येतं का? शिवाय एकपदरी रस्त्यांचं वाचून थोडी धास्ती वाटतेय. समोरून गाडी आली की नक्की काय करायचं?

उनाडवाट
नॉर्थ कोस्ट ५०० सोडून द्या. तो फेरा इन्व्हरनेस ते इन्व्हरनेस ५१६ मैल, म्हणजे सुमारे ८३० किमी आहे. त्यात एडिंबरो-इन्व्हरनेस जाऊन-येऊन आणखी ३०० मैल धरा. पाच दिवसांत रस्ता संपेल, पण गाडीतून उतरायला सवड मिळणार नाही.

त्याऐवजी पश्चिमेकडून वर चढा. एडिंबरोहून स्टर्लिंग, कॅलँडर, क्रिअनलॅरिक, टिंड्रम आणि मग ए-८२ ने ग्लेन्को. रॅनॉक मूरचं पठार संपून रस्ता ग्लेन्कोच्या दरीत शिरतो तिथे थांबायला जागा आहेत, घाई करू नका. पहिला मुक्काम फोर्ट विल्यम किंवा बॅलाहुलिशच्या आसपास. दुसरा आणि तिसरा स्काय बेटावर. चौथ्या दिवशी काइल ऑफ लोहाल्शवरून लॉखकॅरन, टॉरिडन, किनलॉख्यू करत इन्व्हरनेसकडे. पाचव्या दिवशी ए-९ ने साडेतीन-चार तासांत एडिंबरो. ए-९ वर डनब्लेन ते इन्व्हरनेस सरासरी वेग मोजणारे पिवळे कॅमेरे आहेत. कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारून उपयोग नाही, दोन कॅमेऱ्यांमधल्या वेळेवरून दंड येतो.

वेगमर्यादा मैलांत असते. साध्या दुपदरी रस्त्याला ६०, दुभाजक असलेल्याला ७०, वस्तीत ३० किंवा २०. एकपदरी रस्त्यावरही कायद्याने ६० चालतं, पण प्रत्यक्षात सरासरी २५-३० पडते. मॅपने दाखवलेल्या वेळेत तिथे निम्म्याने भर घाला.

गिअरबॉक्स
परवान्याची काळजी नको. ग्रेट ब्रिटनमध्ये पाहुण्याला आपल्या देशाच्या वैध परवान्यावर १२ महिने गाडी चालवता येते. काही कंपन्या आंतरराष्ट्रीय परवानाही मागतात, तेव्हा बुकिंगच्या अटी वाचून घ्या. अनामत बहुतेक ठिकाणी मुख्य चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डावरच घेतात. नवऱ्याचं नाव आणि तुमचं कार्ड असं केलंत तर काउंटरवर अडकाल. दोघं चालवणार असाल तर दोघांची नावं करारात हवीत, नाहीतर दुसऱ्याच्या हातून काही झालं तर विमा लागू होत नाही.

गाडी लहान घ्या. ऑटोमॅटिक महाग पडते आणि आयत्या वेळी मिळेलच असं नाही, पण गिअर डाव्या हातालाच आहे, तुम्हाला सवयीचंच. विम्यात टायर, काच आणि गाडीचा तळ बऱ्याचदा वगळलेले असतात. हायलँड्समध्ये नुकसान होतं ते नेमकं यांचंच. डांबराची कड तुटून खाली धारदार खड्डा झालेला असतो, समोरच्याला जागा द्यायला डावं चाक तिथे उतरवलं की टायरची बाजू फाटते. अनेक भाड्याच्या गाड्यांत स्टेपनी नसते, नुसता फेस भरायचा डबा आणि छोटा पंप असतो. फेस खिळ्याच्या भोकाला चालतो, बाजू फाटली असेल तर त्याचा काही उपयोग नाही. मग ब्रेकडाउन सेवेची वाट बघत बसायचं. गाडी घेताना डिकी उघडून काय आहे ते बघा, स्टेपनी असलेली मागून बघा.

आता एकपदरी रस्ता. ठरावीक अंतरावर रस्ता फुगवलेला असतो आणि तिथे 'पासिंग प्लेस'ची पांढरी पाटी असते. समोरून गाडी दिसली की मधली सगळ्यात जवळची जागा कोणाला आहे ते बघायचं. ती तुमच्या डाव्या हाताला असेल तर आत शिरून थांबा. उजव्या हाताला असेल तर तिच्यात शिरायचं नाही, आपल्या बाजूलाच तिच्या समोर थांबायचं, समोरचा वळसा घालून त्या जागेतून निघतो. नवखे गोंधळतात ते इथेच. चढावर येणाऱ्याला शक्यतो वाट द्या. मागे गाडी लागली असेल तरी डाव्या जागेत शिरून तिला पुढे जाऊ द्या. ती शाळेची बस असेल, डॉक्टर असेल, मेंढपाळ असेल. त्यांचा रोजचा रस्ता आहे तो. वाट देणाऱ्याला हात वर करायचा, हा शिष्टाचार सगळे पाळतात.

आपल्याकडच्यांसाठी एक मोठा धोका सांगतो. समोरच्याने दिवे लुकलुकवले की आपण समजतो 'मी येतोय, तू थांब'. तिथे जागेत थांबलेल्या गाडीने दिवे मारले तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'मी थांबलोय, तुम्ही या' असा असतो. दोघेही उलटं समजले तर रस्त्याच्या मधोमध समोरासमोर येतात आणि एकाला रिव्हर्स घ्यावा लागतो. म्हणून समोरची गाडी खरंच थांबली आहे ना, हे बघूनच पुढे व्हा. स्वतः पुढे यायचं असेल तेव्हा दिवे मारू नका.

मीठभाकर
स्कायच्या दोन रात्री आजच बुक करा, बाकीच्या मोकळ्या ठेवल्यात तरी चालेल. सप्टेंबरात गर्दी ओसरू लागते, पण पोर्ट्रीमध्ये संध्याकाळी जाऊन खोली शोधणं म्हणजे वेळ घालवणं. पोर्ट्री भरलं असेल तर ब्रॉडफर्ड, काइलेकिन किंवा स्कायला जोडणाऱ्या पुलाअलीकडे काइल ऑफ लोहाल्श बघा. बाकी दिवशी दुपारी बाराच्या आत त्या रात्रीची खोली पक्की करायची. बी अँड बीवाल्यांना (घरगुती खोली आणि सकाळची न्याहारी देणाऱ्यांना) थेट फोन करा, छोट्या घरांची सगळी माहिती ॲपवर नसते. दारावर 'व्हेकन्सीज' पाटी असेल तर बेल वाजवायला संकोच नको. हॉस्टेलांतही दोघांची वेगळी खोली मिळते, सोबत स्वयंपाकघर असतं, तुमच्यासाठी ते उत्तम.

गाडीत झोपायचा बेत नको. स्कॉटलंडच्या २००३ च्या जमीन कायद्याने मोकळ्या रानात जबाबदारीने तंबू ठोकायचा हक्क दिला आहे, पण तो मोटारगाडीला लागू नाही. आणि पासिंग प्लेसमध्ये तर पाच मिनिटंही गाडी उभी करायची नाही.

जेवणाचं: गावांतल्या बऱ्याच स्वयंपाकघरांना आठ-साडेआठला कुलूप लागतं. सप्टेंबरच्या मध्यात साडेसातच्या पुढे-मागे सूर्य मावळतो, उजेड आहे म्हणून हिंडत बसलात तर उपाशी राहाल. हॅगिस हा मूळचा मेंढीच्या मांसाचा पदार्थ, पण त्याचा शाकाहारी प्रकारही मिळतो आणि चांगला लागतो. फिश अँड चिप्सच्या दुकानात बटाट्याचे चिप्स घेण्याआधी तेल कशाचं आहे ते विचारा. काही दुकानांत तळण गाईच्या चरबीत असतं, काहींत वनस्पती तेल असलं तरी कढई माशाबरोबरचीच. सूपचंही तसंच, रस्सा कशात उकळलाय ते विचारायचं. फोर्ट विल्यमच्या सुपरमार्केटातून पाव, चीज, फळं, टोमॅटो, हमस भरून घ्या, दोन दिवसांचं दुपारचं जेवण सुटतं.

केतकीबन
खूप आभार, फेरा रद्द. स्कायच्या खोल्या आज बघते. आणखी दोन शंका: स्कायला मॅलेगहून फेरीने जावं की पुलावरून? आणि ॲपलक्रॉसचा घाट आमच्या वाटेत घालावा का?

उनाडवाट
फेरीत गाडीसाठी जागा मिळत असेल तर आजच घ्या. मॅलेग ते आर्माडेल पाऊण तास लागतो. शिवाय वाटेत ग्लेनफिनन पडतं, तिथला २१ कमानींचा रेल्वेपूल बघता येतो. मात्र तिथलं पार्किंग लवकर भरतं आणि रस्त्याकडेला गाडी लावून चालत नाही. जोराच्या वाऱ्यात फेरी रद्द होते, तेव्हा सकाळी निघण्यापूर्वी स्थिती बघाच. रद्द झाली तर मॅलेगपर्यंत जाऊच नका, फोर्ट विल्यमहून इन्व्हरगॅरी, ग्लेन शील, आयलन डोनन किल्ला करत पुलाने जा. पुलाचा टोल २००४ मध्येच बंद झाला.

गिअरबॉक्स
ॲपलक्रॉसच्या घाटाचं नाव 'बेअलाख ना बा'. उंची ६२६ मीटर, चढ काही ठिकाणी पाच मीटरला एक मीटर, माथ्याजवळ हेअरपिन वळणं आणि रस्ता सगळा एकपदरी. वरंधा उतरलेल्यांना वळणांची भीती वाटणार नाही, कसोटी लागते ती चढावर रिव्हर्स घेण्याची. स्वच्छ हवा असेल आणि सकाळी नऊच्या आत घाटाच्या पायथ्याशी टॉर्नाप्रेसला पोचणार असाल तर जरूर जा. धुकं, जोराचा पाऊस किंवा दुपारची वेळ असेल तर शील्डेगकडून किनाऱ्याचा रस्ता धरा. लांब आहे, पण बराच सौम्य. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, ब्रेक दाबून धरलात तर तापतात.

इंधन अर्ध्यावर आलं की भरायचं. ब्रॉडफर्डचा पंप मोठा आहे, स्काय सोडताना तिथे टाकी भरा, टॉरिडनच्या बाजूला पंप विरळ आहेत. पेट्रोलची नळी हिरवी, डिझेलची काळी. चुकीचं भरलं गेलं तर किल्ली फिरवू नका, इंजिन सुरू झालं की खर्च कितीतरी वाढतो. बिनमाणसाच्या पंपावर कार्डावर आधी १०० पौंडांपर्यंत रक्कम अडकवतात, फॉरेक्स कार्ड तिथे नाकारलं जाऊ शकतं. माणूस बसलेल्या काउंटरवर पैसे द्या.

मीठभाकर
दोन गोष्टी राहिल्या. दारूची मर्यादा स्कॉटलंडमध्ये इंग्लंडपेक्षा कडक आहे, १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम. व्हिस्कीच्या डिस्टिलरीला जाणार असाल तर चालवणाऱ्याने चव घ्यायची नाही. बऱ्याच ठिकाणी चालकाचा वाटा छोट्या बाटलीत भरून देतात, तसं मागा. आणि मिजेस नावाची चिलटं सप्टेंबरातही असतात. वारा पडला की संध्याकाळी पाण्याकाठी तुटून पडतात, थोडा वारा असला तर उडत नाहीत. मलम फोर्ट विल्यमच्या औषधाच्या दुकानात मिळेल. गवतातून चालून आल्यावर गुडघ्यामागे, कमरेपाशी गोचीड बघायची. दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, पिळायची नाही.