होलोकॉस्टवरचे ॲनिमेशनपट: नववीच्या वर्गाला कोणते दाखवावेत?

प्रश्न: नववीचा नाझीवादाचा धडा संपत आलाय. चर्चेसकट दोन तास आणि शाळेचं सभागृह मिळालंय. होलोकॉस्टवरचे, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरचे ॲनिमेशनपट दाखवायचे आहेत. कोणते घ्यावेत आणि कोणत्या क्रमानं?

रेषाटन: दोन लघुपट घ्या. आधी 'सायलेन्स' (१९९८, ११ मिनिटं). लहानपणी थेरेजिनश्टाटच्या नाझी छावणीत आजीमुळे वाचलेल्या ताना रॉस यांची ही साक्ष. छावणीचा भाग काळापांढरा, लाकडी ठशांनी छापल्यासारखा. युद्धानंतरचं स्वीडन रंगीत. पण 'त्याबद्दल बोलायचं नाही' हे तिला त्या रंगीत घरातच बजावलं जातं. चर्चा इथूनच सुरू करा.

मग ताल कांतोर यांचा 'लेटर टू अ पिग' (२०२२, साधारण १७ मिनिटं). ज्या डुकरामुळे जीव वाचला त्याला लिहिलेलं पत्र एक म्हातारा वर्गात वाचून दाखवतो. मोजक्या रेषा, बाकी कोरं, त्यात डुकराचा गुलाबी रंग. पुढे ऐकणाऱ्या मुलीचं स्वप्न सुरू होतं आणि मुलं तिथे हमखास गोंधळतात, कारण साक्ष कुठे संपली ते कळत नाही. आधीच सांगून ठेवा.

खिडक्यांना जाड पडदे हवेतच. उजेडात 'सायलेन्स'मधला काळा रंग प्रोजेक्टरवर राखाडी होतो आणि ठशांची धार जाते.

सावलीघर: पूर्ण लांबीचाच हवा असेल तर आरी फोलमन यांचा 'व्हेअर इज ॲन फ्रँक' (२०२१). तो जवळपास १०० मिनिटांचा आहे, चर्चेला वीसच मिनिटं उरतील. ॲन डायरीत जिला उद्देशून लिहायची ती काल्पनिक मैत्रीण किटी आजच्या ॲम्स्टरडॅममध्ये जिवंत होते. डायरीपासून दूर गेली की विरू लागते. भूतकाळ रंगीत आणि वर्तमान फिकट, हे उलटं गणित मुद्दाम केलंय. छावणी ग्रीक पुराणातल्या पाताळासारखी येते. ॲनला त्या कथांची ओढ होती हे आधी सांगितलं नाही, तर तो भाग निव्वळ कल्पनारम्य वाटतो. ॲन १९४५च्या सुरुवातीला बर्गन-बेल्सनच्या छावणीत मरण पावली, हे फळ्यावर लिहाच.

प्रश्नकर्ता: हाझानाविसियस यांचा २०२४चा 'द मोस्ट प्रेशस ऑफ कार्गोज' चालेल का? आणि 'शार्लोट'?

रेषाटन: पहिला सुंदर आहे, पण या वर्गाला सुरुवातीलाच नको. आगगाडीतून बर्फात टाकलेलं तान्हं मूल लाकूडतोड्याच्या बायकोला सापडतं. ज्यूंचं नाव न घेता त्यांना 'काळीज नसलेले' म्हटलं जातं. पूर्वग्रह असाच बोलतो, पण संदर्भ नसलेल्या मुलाला ती नुसती परीकथा वाटेल.

सावलीघर: 'शार्लोट' (२०२१) अकरावीपासून पुढे. चित्रकार शार्लोट सालोमोनच्या घरातल्या आत्महत्या त्यात येतात. शिवाय चित्रपटाची रेषा फारच सभ्य आहे. तिच्या स्वतःच्या कुंचल्याचा झपाटा त्यात उतरलेला नाही. तिच्या चित्रमालिकेतली ७६९ चित्रं ॲम्स्टरडॅमच्या ज्यू संग्रहालयात आहेत. वर्गात त्यांतली चार-पाच मोठी करून दाखवलीत तर जास्त पोचेल. १९४३मध्ये आउश्वित्झच्या छावणीत मारली गेली तेव्हा ती २६ वर्षांची होती आणि गरोदर होती.