मदत हवी आहे : अँटिव्हायरस इन्स्टॉलेशनची फाइलच पळवतो

नमस्कार मंडळी. कॉलेजच्या लॅबमधल्या पीसींवर विंडोज १० काढून ११ टाकतोय. पीएक्सईने (म्हणजे नेटवर्कवरून) बूट, सेटअप विचारतो त्या प्रश्नांच्या उत्तरांची एक्सएमएल फाइल तयार. मध्ये कुणी बटणही दाबायला नको. शेवटी सेटअपकम्प्लीट स्क्रिप्ट (विंडोज बसल्यावर आपोआप चालणारी) सर्व्हरच्या शेअरवरून, म्हणजे सामायिक फोल्डरमधून, आमची ऑटोइट या स्क्रिप्टिंग भाषेत बनवलेली ईएक्सई (प्रोग्राम फाइल) चालवते. ती प्रिंटर आणि मराठी कीबोर्ड लावते.

घोळ इथेच आहे. सर्व्हरवरच्या अँटिव्हायरसला ती ट्रोजन वाटते आणि तो ती गुपचूप क्वारंटाइनमध्ये टाकतो. फाइल मिळाली नाही की स्क्रिप्ट मुकाट्याने पुढे जाते. एरर नाही, काही नाही, मशीन वरवर तयार; प्रिंट द्यायला गेलं की प्रिंटरच गायब! ईएक्सईचा आकार कमी करणारं यूपीएक्स कॉम्प्रेशन काढून पुन्हा कंपाइल केलं, तर काही दिवस शांतता. अँटिव्हायरसच्या डेफिनिशन (व्हायरस ओळखायच्या खुणांची यादी) अपडेट झाल्या की परत तेच.

अख्खा फोल्डर स्कॅनमधून वगळा, असं एकाने सुचवलं. पण त्या शेअरवर बाकीचेही फाइल्स टाकतात, त्यामुळे ते मला पटत नाही. हॅशने (फाइलच्या मजकुरावरून निघणाऱ्या ठशाने) वगळावं तर दर बदलाला नवा हॅश. स्वतःच्या सर्टिफिकेटने ईएक्सई डिजिटली साइन केल्यास फरक पडतो का? की ईएक्सई सोडून सरळ पॉवरशेलवर (विंडोजच्या स्वतःच्या स्क्रिप्ट भाषेवर) जावं? कुणी हे निस्तरलं असेल तर प्लीज सांगा. अँटिव्हायरसवाल्यांना सॅम्पल पाठवलंय, उत्तर यायचंय.